डांबरावरचा सराव नडगीला भोवतो

महोदय,

पोलीस भरतीची चाहूल लागली की मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाचपासून मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण मैदानी चाचणीला असतात. त्यासाठी जीव तोडून मेहनत करणारी कितीतरी पोरे ऐन ग्राउंडच्या आधी नडगी नाहीतर गुडघा धरून बसतात. यातल्या बऱ्याच दुखापती टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून हे पत्र.

मूळ चूक घाईची आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाड आणि टाचेमागच्या शिरेसारख्या कंडरा नवा भार पेलायला महिने घेतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत नेले की मार नडगीला बसतो. या आठवड्यात एकूण १० किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात ११ करावेत आणि दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी. रोज घड्याळ लावून १६०० मीटर जोरात मारायचे, हा रिवाज तर बंदच व्हायला हवा. पूर्ण जोराची चाचणी दहा दिवसांतून एकदा पुरते. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे वेगाचे राउंड, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि बाकीचे दिवस सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्या संथ चालीने धावावे.

दुसरे कारण रस्ता. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवतात. समोरची वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावणे योग्यच, पण मग जाताना आणि येताना दोन्ही वेळा उजवे पाऊलच खालच्या बाजूला पडते. महिनाभर असे झाले की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा खुब्यात दुखू लागते. पण त्यावर उपाय म्हणून डाव्या कडेने धावायला जाऊ नका, मागून येणारे वाहन दिसत नाही. काळ्या रानातही नको, उन्हाळ्यात भेगांत पाय अडकून घोटा मुरगळतो. दबलेल्या मुरमाचा सपाट पांदण रस्ता किंवा शाळेचे मैदान सर्वांत बरे. मैदानावर संथ राउंड मारताना एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून वळावे.

धावण्याआधी दहा मिनिटे हळू पळणे, पाय पुढे-मागे झुलवणे, मग ६० मीटरच्या, वेग हळूहळू वाढवत नेलेल्या तीन-चार धावा एवढे पुरे. ताण देऊन बराच वेळ थांबण्याचे व्यायाम नंतर करावेत; १०० मीटरच्या अगदी आधी केले तर झेप कमी होते. आठवड्यातून तीनदा पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात, १५ चे तीन फेरे, खाली येताना तीन आकडे मोजत. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर भिंतीला पाठ टेकवून दुखणार नाही इतकेच खाली बसावे आणि ३० सेकंद थांबावे.

गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो तळहातावर न घेता बोटांच्या मुळांवर धरावा आणि मानेला टेकवावा. ढकलताना कोपर गोळ्याच्या मागे राहिले पाहिजे. कोपर खाली पडले की चेंडूसारखी फेक होते आणि खांदा व कोपराचा आतला भाग दुखावतो. सुरुवात हलक्या गोळ्याने करावी.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर धावणे थांबवून दोन आठवडे सायकल चालवावी. पण एका बोटाने दाबल्यावर नेमकी एकच जागा कळवळत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही; रिपोर्ट चांगला आला म्हणून पुन्हा पळायला लागलेल्यांचे हाड पूर्ण मोडू शकते. अशा वेळी साधारण सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. मुलींची पाळी तीन महिने आली नाही तर तो सरावाचा भाग समजू नये. पोटाला कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडे ठिसूळ होतात, डॉक्टरांना दाखवावे.

मुरगळलेल्या घोट्यावर पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नको. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर हाडवैद्याकडे ओढून न घेता आधी एक्स-रे काढावा. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन ग्राउंडवर उतरणे तर सर्वांत वाईट. दुखणे लपते, इजा वाढत राहते.

क्रीडा विभागाला आमची विनंती आहे की तालुका क्रीडा संकुले भरतीच्या काळात पहाटे ५ ते ८ उघडी ठेवावीत आणि धावपट्टीवर मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा. जिथे संकुल नाही, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान तेवढ्या वेळेपुरते मिळावे.

– काही क्रीडाशिक्षक व फिजिओथेरपिस्ट, परभणी