पत्रकार दिनाला पेपर काढणाऱ्यांच्या संघटनांबद्दल पण छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकर आणि १८३२ चं 'दर्पण' यांच्यावर लेख येतो, मी वाचतो, चांगलंच आहे. पण पेपर नुसत्या लेखणीवर निघत नाही हो, कागद लागतो, जाहिरातीचे पैसे वेळेवर यावे लागतात, आणि त्यासाठी पेपरच्या मालकांनी ज्या संघटना काढल्या त्यांच्यावर कधी चार ओळी वाचल्याचं आठवत नाही.

मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकात जाहिरातीची बिलं बघायचो. एजन्सीकडून रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी मागणी, आली की पट्टी घेऊन कॉलम सेंटीमीटर मोजायचे, जाहिरात छापली की व्हाउचर कॉपी, म्हणजे पुरावा म्हणून तो अंक, बिलाला जोडून एजन्सीला पाठवायची आणि मग बसायचं वाट बघत. एका एजन्सीनं आठ महिने पैसे अडकवले, फोन केला की "क्लायंटकडून आले नाहीत" एवढंच. तेव्हा मोठ्या दैनिकातला एक ओळखीचा म्हणाला, अरे आमचे असे बुडत नाहीत, थकवले तर सोसायटी त्या एजन्सीची मान्यताच काढते. सोसायटी म्हणजे १९३९ ची इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी, पेपरमालकांची संघटना, आत्ताची आयएनएस (इंडियन न्यूजपेपर सोसायटी). एकाचे थकवले की सगळ्यांनी मिळून नाक दाबायचं, साधी युक्ती. मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांतल्या पेपरांची वेगळी संघटना इल्ना (इंडियन लँग्वेजेस न्यूजपेपर्स असोसिएशन), ती १९४१ ची, म्हणजे दोनच वर्षांत दुसरं घर, त्यावरून मला तरी वाटतं की सगळ्यांचं दुखणं एक नव्हतंच.

खरं भांडण उघड्यावर आलं ते पानांवरून. मोठा पेपर कमी पैशात जास्त पानं देतो आणि लहान मरतो, म्हणून सरकारनं नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशननं १९५४ ला सुचवलं की किमतीप्रमाणे पानं ठरवून द्या. १९५६ ला कायदा आला, १९६० ला त्याखाली सरकारी ऑर्डर. 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांत सहा दिवसांची मिळून ३४ पानं द्यायचा, नियमात बसत होती फक्त २४. पानं कापा नाहीतर किंमत वाढवा. 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला आणि गंमत म्हणजे दोन वाचकांनी पण आपापले अर्ज केले होते, नुसते वाचक! १९६१ ला कोर्टानं कायद्यातलं ते कलम आणि ऑर्डर दोन्ही रद्द केलं. निकाल बरोबरच होता, किती पानं छापायची ते सरकारनं कशाला सांगायचं, पण लहान पेपरवाल्यांची भीती काही खोटी नव्हती, आठ महिने बिलाची वाट बघणाऱ्याला ती कळते.

आमच्या ऑफिसातली संघटनेची जुनी सर्क्युलरं जागा बदलताना रद्दीत गेली, गठ्ठे मीच बांधून दिले, आता हळहळ वाटते. तुमच्या कपाटात जुन्या बैठकांची इतिवृत्तं असतील तर येत्या ६ जानेवारीला त्यातलं एखादं पान 'दर्पण'च्या फोटोशेजारी छापा.

आपला,
एक जुना जाहिरात-बिलवाला