अळी दिसली की फवारणी, हे थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत अळ्या दिसल्या की सभासद तक्रार करतात, समिती पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते आणि तो कढीपत्त्यापासून सोनचाफ्यापर्यंत सगळ्यावर एकच औषध मारून जातो. कोणत्या झाडावर कोणती अळी आहे, हे कुणी बघत नाही. आधी अळी ओळखा आणि मगच काय करायचं ते ठरवा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

शेवग्याचंच घ्या. त्यावरच्या केसाळ अळ्या रात्री पाला खातात आणि दिवसा खोडावर दाटीवाटीने बसतात. लांबून पाहिलं तर खोडाला तपकिरी घोंगडी गुंडाळल्यासारखी वाटते. त्यांचे केस अंगाला लागले की खाज सुटते, गांधी उठतात. डोळ्यात गेले तर त्रास फारच वाढतो. लोक उगाच घाबरत नाहीत. पण त्यासाठी झाड तोडायची मागणी कशाला? शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्ष जतन कायद्यानुसार परवानगी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. काही जण खोडाला पलिता लावतात, त्यात साल भाजते. खरं तर दिवसा सगळ्या अळ्या एका जागी सापडतात, यातच आपली सोय आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, लांब दांड्याचा खराटा आणि खाली साबणाच्या पाण्याची बादली, एवढ्यावर काम होतं. पाला गेला तरी शेवगा लवकर फुटतो. केस लागलेली जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी आणि मग साबणाने धुवावी.

लिंबू आणि कढीपत्त्यावरच्या अळीची गोष्ट वेगळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पोपटी हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला तिचा काहीही अपाय नाही. ही फुलपाखराची अळी. आपण २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेला नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच कुळातला आणि त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. कुंडीतलं लहान रोप मात्र दोन-चार अळ्या बोडकं करू शकतात, तेव्हा त्या अलगद उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून गळत असतील तर एखादी कळी फोडून बघा, आत अळी असते. अशा कळ्या रोज तोडून नष्ट केल्या की बराच आळा बसतो. एवढ्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क आहे: ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून एक लिटर द्रावण करायचं, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारायचं. बीटी हे जिवाणूजन्य औषधही अळ्यांवर चालतं, विशेषतः लहान अळ्यांवर. पण ते फुलपाखराची अळी आणि पतंगाची अळी असा फरक करत नाही, म्हणून जिथे गरज तिथेच वापरावं.

सरसकट फवारणीत आणखी कुणाचा बळी जातो, तेही पाहायला हवं. कुंभारीण माशी मातीचं गाडगं बांधून त्यात पिल्लांसाठी अळ्या साठवते. चातक आणि पावशा तर केसाळ अळ्याही खातात. अळ्यांना आवर घालणारे हे जीव विषाने गेले, की पुढच्या खेपेला अळ्या जास्त आणि त्यांना खाणारे कमी.

फवारणी करायचीच ठरली तर समितीने आदल्या दिवशी फलकावर तीन गोष्टी लिहाव्यात: औषधाचं नाव, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि कढीपत्ता, शेवग्याचा पाला किती दिवस तोडायचा नाही. सोसायटीतल्या झाडाचा कढीपत्ता रोज कितीतरी घरांच्या फोडणीत पडतो. ही माहिती मागण्याचा रहिवाशांना हक्क आहे आणि त्यांनी ती मागावी.

आपली,
एक वाचक, पुणे