आईचे काम

डोंबिवली,
रविवार, सकाळ

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू जे बोललीस त्याला मी लगेच उत्तर दिले नाही, कारण तुझा आवाज चढलेला होता आणि माझे दूध गॅसवर होते. तुमच्या नव्या नाटकात नायिकेचे काम तुझ्याहून चार वर्षांनी लहान मुलीला मिळाले आणि तुला तिच्या आईचे, एवढेच तर झाले आहे. "तिसाव्या वर्षी मी म्हातारी झाले का?" असे तू विचारलेस. हो की नाही हे कळवायला बुधवारपर्यंत मुदत आहे म्हणतेस, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एवढे सगळे व्हॉट्सॲपवर लिहिले असते तर तिसऱ्या ओळीलाच तू उत्तर टंकायला घेतले असतेस.

तुझ्याशी मला सुलभा देशपांडे यांच्याविषयी बोलायचे आहे. तुझ्या पिढीला त्या 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या श्रीदेवीच्या सासूबाई म्हणून माहीत आहेत आणि 'हो, त्या गोड आजी' यापलीकडे तुला काही सांगता येईल असे मला वाटत नाही. त्यात तुझा दोष नाही. त्या चित्रपटाच्या वेळी, म्हणजे 2012 साली, त्या पंचाहत्तरीच्या होत्या आणि त्यांचे मोठे काम होऊन पंचेचाळीस वर्षे उलटली होती.

ते मोठे काम 1967 सालचे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने उभे केले, दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे यजमान, आणि नायिका लीला बेणारे झाल्या होत्या सुलभाताई. त्यांचा जन्म 1937 चा, तेव्हा हिशेब कर. त्या बरोबर तुझ्या आजच्या वयाच्या होत्या. नाटक तुला पाठ आहे, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. फक्त बेणारेबाईंचे पहिले येणे आठव: दाराच्या कडीत चेमटलेले बोट तोंडात धरून ती बाई त्या रिकाम्या सभागृहात येते, आणि सामंत नावाच्या अगदी परक्या माणसाशी मोकळेपणाने, जरा जास्तच मोकळेपणाने, बोलू लागते. पुढे अडीच तासांत खोट्या खटल्याचे नाव करून तिची सोबतीची माणसेच तिला खरी सोलून काढणार असतात, पण त्याची चाहूल नटीने त्या चेमटलेल्या बोटात दाखवायची नसते. शेवटच्या अंकातल्या स्वगताबद्दल सगळेच बोलतात. मला विचारशील तर त्या भूमिकेतले अवघड काम पहिल्या अंकातले आहे, जिथे नुसते हसायचे असते.

आणि बेणारे ही शिक्षिका आहे, हे विसरू नकोस. सुलभाताईही शिक्षिकाच होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत. शाळेच्या मुलांसाठी नाटके बसवता बसवता त्या रंगभूमीकडे वळल्या, आणि त्या मुलांसाठी नाटुकली लिहून देणाऱ्यांत खुद्द तेंडुलकर होते. वर्गात पोरे जिच्यावर जीव टाकतात आणि शिक्षकांच्या खोलीत जिच्याविषयी कुजबूज चालते अशी बाई कशी बोलते, कशी चालते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नसेल. हा माझा तर्क झाला. पण नाटकातली बेणारे मुलांचा विषय निघाला की जशी उजळते, तसे नुसत्या अभ्यासाने उजळता येते यावर माझा विश्वास नाही.

1971 साली सत्यदेव दुबे यांनी त्या नाटकाचा चित्रपट केला, तेव्हाही बेणारे त्याच होत्या. छायाचित्रण गोविंद निहलानींचे होते, आणि अमोल पालेकरही त्या चित्रपटात होते. म्हणजे चौतिसाव्या वर्षी सुलभाताई रंगमंचावरही नायिका होत्या आणि पडद्यावरही. आता पुढे पाहा काय होते.

1977 साली श्याम बेनेगलांचा 'भूमिका' आला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला आहे, हे तुला ठाऊक असेल. त्यात स्मिता पाटील नायिका, उषा, आणि सुलभाताई तिची आई. स्मिताचा जन्म 1955 चा, म्हणजे या मायलेकींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर. 1980 च्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है'मध्ये त्या पुन्हा स्मिताची आई झाल्या, शिवाय नसीरुद्दीन शाहची. तो त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी लहान. (त्यात घरातला बाप, गिरणी कामगार, अरविंद देशपांडे यांनी केला आहे. नवरा-बायकोंनी पडद्यावर नवरा-बायको व्हायचे आणि तरी घरचे काही तिथे सांडू द्यायचे नाही, हे तू कधीतरी करून पाहा.) आणि 1991 च्या 'चौकट राजा'मध्ये ज्या नंदूची आई त्या झाल्या, तो नंदू म्हणजे दिलीप प्रभावळकर, जन्म 1944. सात वर्षांनी लहान! तुला तुझ्याहून चार वर्षांनी लहान मुलीची आई व्हायचे जड जाते आहे, म्हणून हे आकडे मुद्दाम मांडले आहेत.

यावर तू म्हणशील की आई, हा अन्यायच झाला ना, बेणारे करणाऱ्या बाईला चाळिशीत आईच्या साच्यात बसवायचे. अर्धे तुझे खरे आहे. हिंदी चित्रपटात नटीला दोनच वये असतात, लग्नाआधीचे आणि नातवंडांचे, आणि मधली पंचवीस वर्षे तिने कुठे काढायची हे कोणी सांगत नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी पुष्कळशी ताटावर पोळी वाढून बाजूला व्हायची होती, आणि ती पाहताना मला हळहळ वाटे. 'चरित्र अभिनेत्री' हा हिंदीतून उचललेला शब्द मला म्हणूनच कधी आवडला नाही. चरित्र लिहायचे असते. आमच्या वेळचे नाटकवाले 'ही काम चांगले करते' एवढेच म्हणत, आणि ते पुरेसे असे.

पण उरलेले अर्धे ऐक. 'भूमिका'मधली आई नीट पाहा. तिची स्वतःची आई गोव्याकडच्या कलावंतिणींच्या परंपरेतली गायिका, आणि ही मात्र लग्न करून त्या परंपरेतून बाहेर पडलेली. नवरा दारुडा, मारकुटा, तरी 'लग्नाची' हा शब्द तिने मुठीत घट्ट धरलेला आहे. तिची मुलगी सिनेमात जाणार, तीही पुढे तिचा नवरा झालेल्या केशव दळवीसारख्या माणसाच्या हाताला धरून, म्हणजे या बाईने आयुष्यभर जे कमावले ते सगळे पाण्यात. तिचा विरोध हा चित्रपटातल्या कुठल्याही खाष्ट आईचा विरोध असता तर उषाचे बंड स्वस्त झाले असते. सुलभाताई तो हट्टाने करत नाहीत, भीतीने करतात, आणि म्हणून पुढे त्याच मुलीच्या घरात राहणारी ही आई पाहताना आपल्याला चिडावे की गप्प बसावे हे कळत नाही. स्मिताच्या उषाला पाय रोवायला जी जमीन लागते ती तिथून मिळते. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते आणि पूर्णपणे उषाच्या बाजूची होते. तू झाल्यावर पाहिला तेव्हा बाजू बदलली नाही, पण आईकडे पाहू लागले.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या हिशेबात मुळीच नाही. सुलभाताईंनी आपली ताकद फक्त भूमिकांत गुंतवली नव्हती. 'रंगायन'मधून बाहेर पडल्यावर 1971 साली अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांनी मिळून 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. पहिले नाटक तेंडुलकरांनी मराठीत आणलेले गिरीश कार्नाडांचे 'तुघलक'. 1974 पासून प्रयोग छबिलदासच्या सभागृहात होऊ लागले, ज्या शाळेत त्यांनी शिकवले त्याच शाळेत. तुम्ही ज्याला आता अभ्यासक्रमात प्रायोगिक नाटकांची 'छबिलदास चळवळ' म्हणून परीक्षेला लिहिता, ती आमच्या लेखी शाळेचा एक हॉल होता. ना पडदा, ना विंगा म्हणाव्यात अशा विंगा. नट इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम कोणत्या वाक्याला फुटला ते सांगता यावे. दादर स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ऐन शांततेच्या जागी गाडीचा भोंगा हमखास. मी आणि तुझे बाबा कचेरी सुटल्यावर धावत जायचो, गल्लीतला वडा उभ्याने खायचो आणि आत शिरायचो. कधी नाटक कळायचे, कधी नाही. न कळलेल्या नाटकावर परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत वाद व्हायचा. आविष्कारने ती जागा फक्त स्वतःसाठी ठेवली नाही, दुसऱ्या संस्थांची नाटकेही तिथे होत, आणि पुढे ज्यांची नावे मोठी झाली त्यांतले किती तरी लोक तिथे पहिल्यांदा पडले आणि उठले.

मुलांसाठी त्यांनी त्याच संस्थेत 'चंद्रशाला' चालवली. 'दुर्गा झाली गौरी' हे तिचे नृत्यनाट्य, गुरू पार्वतीकुमारांनी बसवलेले, मी तुझ्या आतेभावाला घेऊन पाहिले आहे. मंचभर मुले, आणि एकही मूल 'किती गोड' म्हणून घेण्यासाठी केविलवाणे हसत नव्हते. बालनाट्यात हे किती दुर्मीळ आहे ते तुला सांगायला नको. तू स्वतः पाचवीत ससा होऊन प्रेक्षकांतल्या आजीला हात हलवला होतास. 1978 साली त्यांनी मुलांसाठी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला.

1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. त्या वेळी घरात काय वाटले असेल याची कल्पना करण्याचा मला अधिकार नाही, पण संस्था थांबली नाही एवढे मी बाहेरून पाहिले आहे. देशपांड्यांच्या स्मरणार्थ आविष्कारचा नाट्यमहोत्सव होऊ लागला. छबिलदास सुटले, मुक्काम माहीमच्या पालिका शाळेत गेला, म्हणजे पुन्हा शाळाच. 2010 साली त्यांना रंगभूमीवरच्या कामासाठीचा तन्वीर सन्मान मिळाला. 4 जून 2016 रोजी त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळ्यात 'इंग्लिश विंग्लिश'चे नाव घातले, आणि तुझे बाबा चहाचा कप ठेवून "बेणारे गेली" एवढेच म्हणाले.

आता तुला एक गोष्ट सांगते जी आजवर सांगितली नव्हती. तेविसाव्या वर्षी मी आमच्या कचेरीच्या नाट्यस्पर्धेच्या संघात होते. मला मोलकरणीचे काम दिले गेले, दीड पानाचे, आणि ज्या मुलीला नायिका दिली तिला माझ्या मते 'ण' आणि 'न' यांतला फरक कळत नव्हता. मी घरी आजारपण आहे असे खोटे सांगून संघ सोडला. ते काम दुसऱ्या एकीने केले. तिने झाडलोट करता करता एका वाक्याला केरसुणी नुसती थांबवली, काही न बोलता, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या वाक्याला केरसुणी थांबवायची हे मला सुचले नसते. मी त्यानंतर पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. नंतर संसार, तू, लोकल, हे सगळे कारण म्हणून सांगते, पण कारण ते नाही.

तुझ्या नाटकाची संहिता तू मला पाठवली होतीस ती काल रात्रीच वाचून काढली. त्या आईला पहिल्या अंकात बोलायला फारसे काहीच नाही, हे खरे आहे. ती बहुतेक वेळ दुसऱ्याचे ऐकत गहू निवडत बसते. पण दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडायचे सांगते, तेव्हा तिला लेखकाने फक्त "जेवून जा" एवढे दोन शब्द दिले आहेत. ते दोन शब्द कसे म्हणायचे हे मला वाचून कळले नाही, आणि मी खूप वेळ जागी होते.

तुझ्या आजीची एक सुती नऊवारी मी धुऊन, इस्त्री करून पिशवीत घालून ठेवली आहे, आणि त्याबरोबर तिचे सूपही. सूप प्लास्टिकचे घेऊ नका, त्यात गहू पाखडल्याचा आवाज येत नाही. बुधवारी तू काय कळवतेस ते कळव. गुरुवारी शेजारच्या काकू पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवायचे की नाही ते मला आदल्या रात्रीपर्यंत समजले तर बरे.

तुझी,
आई