लिंबू, जिरे आणि तिसरा तास

जळगाव, वैशाख

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या पगारातून घेतलेले 'ओ द एर्मेस' तुला घामासारखे वाटते आणि ते कुणाला तरी देऊन टाकावे असे मनात आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसले. कारण ज्या वासाला तू बिचकलीस, तोच या परफ्यूमचा प्राण आहे असे माझे ठाम मत आहे.

तो वास जिऱ्याचा आहे. फ्रेंच परफ्यूमकार एदमाँ रुद्निस्का यांनी १९५१ मध्ये हा सुगंध रचला, तेव्हा लिंबू आणि बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या सुगंधी फळाच्या जोडीला त्यांनी वेलची, दालचिनी आणि जिरे जाणूनबुजून घातले. नुसत्या लिंबूवर्गीय तेलांचा सुगंध स्वच्छ असतो, पण तो कुणाच्या अंगाचा वाटत नाही. जिऱ्यामुळे त्यात माणसाची ऊब येते. त्याच रुद्निस्कांचे १९६६ चे 'ओ सोव्हाज' पहिल्याच हुंगण्यात आवडते. हे तसे नाही, आणि मला हेच अधिक थोर वाटते.

तू बहुधा दुकानात कागदी पट्टीवर हुंगून, पाच मिनिटांत मत बनवले असावेस. लिंबाच्या सालीतल्या तेलात मुख्यत्वे लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि ते फार लवकर उडून जाते. दालचिनी आणि लवंगेतील द्रव्ये त्याहून जड, म्हणून ती मागाहून उमलतात आणि तासन्‌तास टिकतात. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तर वरचा लिंबाचा थर पाहता पाहता उडतो आणि मसाला एकदम अंगावर येतो. म्हणून सकाळी, आंघोळीनंतर, मनगटावर एकदाच फवार, मनगटे एकमेकांवर घासू नकोस, आणि दर तासाने हुंगून पाहा. तिसऱ्या तासाला जिरे मागे सरते आणि खालून चामड्यासारखा, कोरडा, किंचित गोड वास वर येतो.

या जुन्या घराण्यातील सुगंधांविषयी एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. फ्रान्स्वा कोटी यांच्या १९१७ मधील 'शीप्र' या परफ्यूमपासून पुढे कित्येक परफ्यूममध्ये बर्गमॉटच्या खाली ओकमॉसचा आधार असतो. नावात मॉस असले, तरी ते शेवाळ नसून ओकच्या झाडांवर वाढणारा दगडफुलाचा भाऊबंद आहे, आणि आपले दगडफूल कनौजच्या अत्तरांतही पडते. उन्हाळ्यात आपण काळा मसाला करतो तेव्हा दगडफूल कढईत पडताच जो ओल्या मातीचा, गडद वास सुटतो, तो तू लहानपणापासून ओळखतेस. म्हणजे पॅरिसच्या या घडणीला लागणारे नाक तुझ्याजवळ आधीच आहे. मसाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीला जिरे परके वाटू नये. मसाला आपण स्वयंपाकघरात मानाने ठेवतो, मग अंगावर तो नकोसा का व्हावा, हे मला खरोखरच कळत नाही.

बाटली खिडकीत ठेवू नकोस. उजेड आणि उष्णता यांनी लिंबाचा भाग सर्वांत आधी बिघडतो, म्हणून ती मूळ खोक्यातच, कपाटाच्या आतल्या बाजूस असू दे. देऊन टाकण्याचा विचार पावसाळ्यापर्यंत बाजूला ठेव; दमट हवेत हा सुगंध आणखी निराळा वागतो, आणि तो कसा वाटला ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई