‘पहाडी’ घरे आणि सह्याद्रीचा पाऊस

संपादक महोदय,

मुळशी, वेल्हे, भोर, महाबळेश्वर या पट्ट्यात सध्या ‘पारंपरिक पहाडी शैली’तल्या घरांच्या जाहिरातींचे पेव फुटले आहे. चित्रात बहुधा हिमाचलातल्या काठकुणी घराची नक्कल असते: दगड-लाकडाचे आलटून-पालटून थर, पुढे काढलेली लाकडी गॅलरी आणि दरीकडे जमिनीपासून छपरापर्यंत काच. काठकुणीतले ते थर शोभेचे नाहीत. देवदाराचे ओंडके कोपऱ्यांवर एकमेकांत अडकवलेले आणि मध्ये विनाचुन्याचा दगड, त्यामुळे भूकंपात भिंत थोडी हलते आणि धक्का जिरवते. इथे काँक्रीटच्या सांगाड्यावर लाकडाच्या पट्ट्या चिकटवल्या जातात. त्यांच्यामागे पाणी शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या फुगून सुटतात. डोंगरी घराचा कित्ता गिरवायचाच तर तो घाटमाथ्यावरच्या जुन्या चौपाखी (चारी बाजूंना उतरत्या छपराच्या) घराचा गिरवावा. तेही वरवर नव्हे; ते घर पाणी कसे हाताळते ते पाहून.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून छपराचा उतार ३० ते ३५ अंश आणि भिंतीबाहेर निदान तीन फूट वळचण ठेवावी. चौपाखी छपराला उंच त्रिकोणी भिंत नसते, त्यामुळे झड चारी बाजूंनी सारखी अडते. नकाशा साधा आयताकृती ठेवावा. दर्शनी भाग उठून दिसावा म्हणून छप्पर चार ठिकाणी मोडले, की दोन पाखी आतल्या कोनात मिळतात, तिथे पालापाचोळा साचतो आणि गळती हमखास तिथूनच सुरू होते.

उतरता स्लॅब ओतून त्यावर कौले चिकटवणे ही सध्याची सर्वांत महागडी चूक. तीव्र उतारावर ओले काँक्रीट खाली घसरते. वरूनही फळ्या मारल्या नाहीत तर ते नीट दाबले जात नाही, पोकळ राहते आणि नंतर वरून कितीही लेप दिले तरी गळते. शिवाय मालात बसवलेले कौल फुटले, तर ते एकटे बदलता येत नाही. त्यापेक्षा गॅल्व्हनाइज्ड पाइपांची कैची (छपराचा सांगाडा), वर पत्रा आणि पत्र्यावर मंगलोरी कौले हा मार्ग बरा. माकडांनी कौल फोडले तरी पाणी घरात येत नाही. मात्र कौले ज्यांवर टेकतात त्या रिपा पत्र्यावर थेट आडव्या ठोकू नयेत. आत उतरलेले पाणी प्रत्येक रिपेमागे अडते आणि पत्रा तिथेच गंजतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग त्यांवर आडव्या रिपा. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. शंभरामागे पाच जादा घेऊन ठेवावीत. रिपांमधले अंतर, जे सुमारे साडेबारा इंच येते, कौल हातात घेऊनच ठरवावे. ते अर्ध्या इंचाने जरी वाढले, तरी कौलावर कौल कमी चढते आणि झडीचे पाणी त्या फटीतून वर सरकून आत येते. वळचणीची आणि आढ्याजवळची, म्हणजे छपराच्या माथ्याजवळची, कौले तारेने बांधलेली हवीत.

लाकडी छपराचा हट्ट असेल तर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या घरात चूल होती. तिचा धूर रोज माळ्यावरून कौलांच्या फटींतून जाई. वासे कोरडे राहत आणि किडीला जवळ येऊ देत नसत. गॅस आला, चूल गेली आणि छपराची राखण करणारा धूरही गेला. शिवाय खालून सिलिंग लावून हवा कोंडली, की चार महिन्यांत वाशांवर बुरशी धरते. म्हणून वळचणीखाली सलग इंचभर फट, तिला घट्ट जाळी आणि आढ्यालगत हवा बाहेर जायला दुसरी फट ठेवावी. खांब जमिनीत पुरू नये. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा करावा. तळखडा ही जुन्या सुतारांनी दिलेली फुकटची वाळवीरोधक योजना आहे.

जागेचे काय? जुनी घरे लांबट, डोंगराच्या समपातळी रेषेला धरून असत आणि गरज पडली तर जोते पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत. आता जेसीबीने डोंगर पंधरा फूट कापतात, तीच माती पुढे लोटतात आणि अर्धे घर कापलेल्या कड्यावर, अर्धे भरावावर बसवतात. भराव खचतो आणि घराला बरोबर त्या रेषेवर तडा जातो. कापलेल्या बाजूच्या संरक्षक भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर आणि भिंतीत दर दीड मीटरवर चार इंची नळ्या हव्यात. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबले, तर प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच सुमारे साडेचार टन रेटा येतो. नळ्या बुजल्या की भिंत जुलै-ऑगस्टमध्येच का कोसळते, हे यावरून कळावे. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडींनंतर तरी डोंगर कापताना हात आखडायला हवा.

भिंत दगडी असेल तर तिच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे दगड, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत, बसवावेत. जोते, दरवाजांची वरची पातळी आणि छपराखाली असे काँक्रीटचे तीन पट्टे घरभर सलग फिरवावेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच डोंगरांत झाला. किल्लारीला १९९३ मध्ये मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती दोन पदरांत फुटून माणसांवर पडल्या. जुन्या डोंगरी घरात छपराचा भार लाकडी खांबांवर असे. भिंत पडली तरी छप्पर उभे राही.

काचेबद्दल थोडेच. नैऋत्येला काच नको. तिथे सहा ते आठ फूट खोल पडवी द्यावी आणि खिडक्या तिच्या आत घ्याव्यात. दरीचे दृश्य पडवीतूनही दिसते.

शंभर चौरस मीटर छपरावर ताशी १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सेकंदाला पावणेतीन लिटर पाणी खाली येते. झाडीत पन्हळी तुंबतात, म्हणून वळचणीखाली दीड फूट रुंद दगडी चर करावा आणि तो ओढ्यापर्यंत न्यावा, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत नव्हे. त्यातले १०,००० लिटर टाकीत भरून घेतले तर रोज ५० लिटरप्रमाणे पिण्या-स्वयंपाकाला २०० दिवस पुरतात. एवढ्या पावसाच्या गावांत एप्रिलमध्ये टँकर येतो, ही आपलीच कमाल.

आमची सूचना एवढीच, की घाटमाथ्यावरच्या घराला परवानगी देताना दर्शनी चित्रासोबत आणखी एक कागद मागावा: डोंगर किती फूट कापणार, भराव कुठे टाकणार आणि छपराचे व चराचे पाणी कोणत्या ओढ्यात सोडणार. घर बांधणाऱ्यांनीही हाच कागद आर्किटेक्टकडून आगाऊ पैसे देण्याआधी घ्यावा.

– घाटमाथ्यावर कामे करणारे काही वास्तुरचनाकार व स्थापत्य अभियंते, पुणे-सातारा