चौकटी कंस वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र पाकिटात घालून टपालाने पाठवता आले असते. पण आपण मला जे दिले, त्याचा उपयोग माझ्यासारख्या इतर शिक्षकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनाही व्हावा, असे मनापासून वाटते; म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे. आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव मात्र कोठेही घातलेले नाही.

मराठी माध्यमातून शिकून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. त्यांच्या हाती कठीण शब्दांच्या याद्या पडतात. डावीकडे भारदस्त शब्द आणि उजवीकडे त्याचा एका ओळीतला अर्थ, एवढेच त्यांत असते. मुले त्या घोकतात आणि परीक्षा सरली की विसरतात. या शब्दांची जन्मकथेसह एक पुस्तिका करावी, असा विचार घेऊन मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आले, तेव्हा आपण तेथे कामाला होता. निवृत्तीनंतरही आपण माझी टिपणे घरी मागवून घेतलीत, एकेक नोंद पेन्सिलीने तपासलीत आणि समासात पुन्हा पुन्हा तेच लिहिलेत: कोणी, कधी, कशासाठी? हा शब्द पहिल्यांदा कोणी लिहिला, कधी लिहिला आणि कोणते काम साधण्यासाठी लिहिला, हे कळल्याखेरीज नोंद पुरी झाली असे आपण मानले नाहीत. या आग्रहाबद्दल मी आपली ऋणी आहे.

मोठा इंग्रजी शब्दकोश समोर ठेवून आपण मला पहिल्या दिवशी सांगितले होते, “आधी चौकटी कंस वाच, मग अर्थ.” शब्दाच्या उच्चारानंतर येणारा, त्याची व्युत्पत्ती सांगणारा, बारीक टाइपातला आणि लॅटिन-ग्रीक संक्षेपांनी भरलेला तो कंस मी तोवर ओलांडून पुढे जात असे. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली. १८७९ मध्ये संपादकपदाची जबाबदारी घेतल्यावर जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वसामान्य लोकांना आवाहन केले, की आपापल्या वाचनातली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून, ग्रंथाचे नाव आणि सालासह पाठवा. हा सारा इतिहास आपल्याच तोंडून मी ऐकला. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये गेले आणि कोश १९२८ मध्ये पुरा झाला. प्रत्येक अर्थाखाली सालवार लावलेली अवतरणे म्हणजे अनोळखी वाचकांनी केलेली मदत आहे, हे तेव्हापासून त्या पानांकडे पाहताना मनात येतेच.

या कंसाला किती महत्त्व द्यावे, हे पटवण्यासाठी आपण मला ‘डॉर्ड’ या शब्दाची हकीकत दिलीत आणि ती मी पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घेतली आहे. वेबस्टरच्या अमेरिकन इंग्रजी कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. प्रत्यक्षात असा शब्द कधी नव्हताच. रसायनशास्त्राच्या संपादकाने ‘कॅपिटल डी किंवा लहान डी हे घनतेचे संक्षिप्त रूप आहे’ अशा आशयाची चिठ्ठी दिली होती. ती संक्षेपांच्या गठ्ठ्यात न जाता शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, ‘किंवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मधोमध अडकला आणि चारही अक्षरे जोडून एक नवाच शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाचे लक्ष गेले ते एवढ्याच गोष्टीकडे, की या शब्दापुढे व्युत्पत्ती नाही. मग शोध घेतला गेला आणि पुढे ती नोंद काढून टाकण्यात आली. रिकामा कंस दिसला म्हणून खोटा शब्द पकडला गेला, हे मुलांना सांगितले की ती स्वतःहून कोश उघडू लागतात.

आता ज्या शब्दावर आपण सर्वांत अधिक वेळ दिलात, त्याविषयी सविस्तर लिहिते. ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ म्हणजे आपल्या माहितीच्या कक्षेबाहेरच्या विषयावर मत ठोकून देणारा. यादीत अर्थ तेवढाच होता. सोबत द्यायची कथा प्लिनी या रोमन लेखकाच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या पस्तिसाव्या खंडातली. अलेक्झांडरच्या काळातला चित्रकार अपेलीझ आपली चित्रे रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसतील अशी मांडून ठेवी आणि आडोशाला उभा राहून लोकांचे बोलणे ऐके. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेचा एक बंद कमी आहे असे सांगितले. अपेलीझने ते निमूटपणे सुधारले. दुसऱ्या दिवशी आपले म्हणणे मानले गेले असे पाहून त्या कारागिराने पायाच्या रेखाटनावरही टीका केली, तेव्हा चित्रकार बाहेर आला आणि म्हणाला, की चांभाराने वहाणेच्या वर निवाडा करू नये. ‘क्रेपिडा’ म्हणजे वहाण आणि ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. प्लिनीच्या मूळ वाक्यात ‘सुप्रा’, म्हणजे ‘वर’, असा शब्द असून ‘अल्ट्रा’ हे रूप नंतर रूढ झाले, हेही आपण लाल रेघ ओढून दाखवलेत.

कथा इतकी नेटकी होती, की बहुतेक पुस्तके येथेच थांबतात. आपण मात्र समासात लिहिलेत: “इंग्रजीत कोणी? कोणाला उद्देशून?” त्या दोन प्रश्नांनी माझी नोंद पार बदलली. कोशातले पहिले अवतरण विल्यम हॅझलिट या निबंधकाराचे, १८१९ सालचे आहे, आणि ते विल्यम गिफर्ड या संपादकाला उद्देशून लिहिलेल्या जळजळीत पत्रातले आहे. गिफर्ड ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चा संपादक होता आणि त्या नियतकालिकाने हॅझलिटवर कठोर टीका केली होती. पण हा गिफर्ड कोण होता? डेव्हनमधल्या अॅशबर्टन गावचा अनाथ मुलगा, ज्याला चांभाराकडे उमेदवारीला ठेवले होते. कागद विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे तो चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करी आणि बोथट आरीने त्यांवर बीजगणिताची उदाहरणे सोडवी. हे त्याने ज्युव्हेनल या रोमन कवीच्या आपल्या भाषांतराला जोडलेल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. गावातल्या विल्यम कुक्सली नावाच्या शल्यवैद्याने वर्गणी जमवून त्याची उमेदवारीतून सुटका केली, शिक्षणाची सोय लावली आणि तो ऑक्सफर्डला पोहोचला.

हे वाचल्यावर त्या शब्दाचा ‘वहाणेपलीकडचा’ हा अर्थ मला निराळाच दिसू लागला. हॅझलिटचा राग समजण्यासारखा होता. गिफर्डची लेखणीही निर्दय होती. तरीही या शब्दाची धार प्रतिपक्ष्याच्या मतांना लागण्याआधी त्याच्या जन्माला आणि हातांच्या कामाला लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या समाजात कातडे कमावणाऱ्या, वहाणा शिवणाऱ्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीखाली उभे केले गेले, त्या समाजातल्या मुलांना हा शब्द नुसता ‘छान आणि अवघड’ म्हणून शिकवणे मला पटत नाही. मी तो शिकवते, पण चामड्यावर गणिते सोडवणाऱ्या मुलासह शिकवते. कुक्सलीविषयी गिफर्डने व्यक्त केलेली कृतज्ञता त्याच आत्मवृत्तात आहे. हे पत्र लिहिण्याचा विचार प्रथम तेथेच मनात आला.

एकोणतीस अक्षरांच्या ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या शब्दाविषयी मुलांना कुतूहल असते ते त्याच्या लांबीमुळे. आपण मला त्याचे तुकडे पाडायला लावलेत. लोकरीचे फुटकळ पुंजके, फळाचे टरफल किंवा तत्सम क्षुद्र वस्तू, काहीही नाही आणि एक केस, अशा अर्थांचे चार लॅटिन शब्द ईटन या इंग्लंडमधल्या शाळेच्या लॅटिन व्याकरणात एका नियमाखाली एकत्र दिलेले असत. एखाद्या गोष्टीला ‘एवढीशीही किंमत न देणे’ हे सांगताना ते वापरायचे, असा तो नियम. म्हणजे हा अगडबंब शब्द शाळकरी पाठांतरातून निघालेला आहे. विल्यम शेन्स्टन या कवीच्या १७४१ च्या पत्रात तो आढळतो आणि तेथे त्याने एका माणसाची पैशाविषयीची बेफिकिरी वाखाणली आहे. आमच्या वर्गात मी फळ्यावर त्याच्या शेजारी ‘कस्पटासमान लेखणे’ असे लिहिले. दोन्हीकडे विचार तोच: तुच्छता मोजायची तर माप म्हणून लोकरीचा पुंजका घ्या, नाही तर कस्पट. त्यानंतर त्या शब्दाची भीती कोणालाही उरली नाही.

‘इग्रीजियस’चे टिपणही आपल्यामुळेच पुरे झाले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कळपातून वेगळा उठून दिसणारा’, म्हणजे नामांकित. इंग्रजीत सुरुवातीला तो स्तुतीचाच होता. पुढे उपरोधाने वापरता वापरता तो ‘नजरेत भरण्याइतका वाईट’ या अर्थावर स्थिरावला. इटालियन पत्रांच्या मायन्यात त्याचे भावंड आजही आदराने वापरले जाते. ‘सुपरसिलियस’मध्ये लॅटिन भुवई आहे, एवढे सांगितले की पुरते, चढवलेल्या भुवया वर्गात कोणीही करून दाखवते.

जिथे आपल्या देशाचे नाव येते, तिथे दुप्पट सावध राहायचे, हा आपला आणखी एक दंडक. ‘पॉश’ हा शब्द मुंबईच्या बोटींवरून आला, अशी कथा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे: इंग्लंडहून येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, उन्हापासून वाचणारी केबिन श्रीमंत प्रवासी घेत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर उमटवली जात. कथा ऐकायला सुरेख आहे. पण आपण विचारलेत, की असे एक तरी तिकीट कोणी पाहिले आहे का. तसा पुरावा मिळालेला नाही. विशेषण म्हणून हा शब्द १९१४ पासून छापील आढळतो, तर आद्याक्षरांची कथा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुढे आली. त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या बोलभाषेत हाच शब्द पैशासाठी आणि नटव्या माणसासाठी वापरला जात होता, आणि पैशाच्या अर्थाचे मूळ रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दात आहे असे मानतात. मुंबईचा मान वाढवणारी कथा सोडून देताना मला जड गेले, हे खरे. पण ती सोडली.

त्याउलट जे खरोखर इथले आहे, ते आपण ठामपणे लिहायला लावलेत. ‘मंगूस’च्या कंसात मराठीचे नाव स्वच्छ छापलेले आहे, हे पाहिले त्या दिवशी आपण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शेजारी उघडून ठेवला होता. ‘सेरेंडिपिटी’, म्हणजे ध्यानीमनी नसताना चांगले काही गवसणे, हा इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवलेला शब्द सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून आला, आणि सेरेंडिप म्हणजे आपले सिंहलद्वीप.

आणि ‘पेट्रिकोर’. पहिल्या पावसाने तापल्या जमिनीतून उठणाऱ्या वासाचा हा शब्द फार जुना असावा असे त्याच्या ग्रीक पेहरावावरून वाटते. पण तो १९६४ चा आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात तो योजला: ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कोरड्या दिवसांत खडक-मातीत साठलेले तेलकट पदार्थ ओलाव्याने मोकळे होतात, हे त्यांनी दाखवले. आपण मला त्याच निबंधातला कनोजचा उल्लेख दाखवलात. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले वाळलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून ‘मिट्टी का अत्तर’ आधीपासूनच विकत होते. मृद्गंध हा शब्द लहानपणापासून बोलणाऱ्या मुलांना हे सांगताना, ग्रीक नाव देणाऱ्या दोघांनी कनोजच्या कारागिरांची दखल घेतली होती, हेही मी न चुकता सांगते.

पुस्तिका आता छापून झाली आहे. दोन प्रती आपल्या पत्त्यावर पाठवल्या आहेत. एक संग्रहासाठी आणि दुसरी पेन्सिलीसाठी. ‘क्विझ’ची नोंद आपण सुचवल्याप्रमाणेच ठेवली आहे: डब्लिनच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने १७९१ मध्ये पैज मारून हा शब्द गावभर भिंतींवर लिहवला ही कथा गाळली, कारण शब्द १७८२ मध्येच लिहिलेला सापडतो, आणि व्युत्पत्तीच्या जागी ‘अनिश्चित’ असे छापले. पुढची आवृत्ती दिवाळीनंतर काढण्याचा विचार आहे. तोवर डोळ्यांना त्रास न देता, सवडीने जमेल तेवढ्याच नोंदी पाहाव्यात, ही विनंती. तपासलेली प्रत घ्यायला मी स्वतः येईन.

आपली ऋणाईत,
इंग्रजीची एक शिक्षिका