सखारॉफचा चेहरा उलगडून दाखवणाऱ्या रंगभूषाकार काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुम्ही तंबी दिलीत, म्हणून नुसतं काका. शिवाजी मंदिरच्या विंगेत वावरणाऱ्यांना कोण ते कळायचं ते कळेलच. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण माझी बाजू तुम्ही चारचौघांतच सावरलीत.

गिरगावातल्या आमच्या चित्रं बघायच्या छोट्या मंडळात त्या रविवारी मी रशियन चित्रकार अलेक्सेय यावलेन्स्कीचं ‘नर्तक अलेक्झांडर सखारॉफ’ घेतलं होतं. चित्र १९०९ सालचं, मूळ प्रत म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात. पुठ्ठ्यावर तैलरंग, ६९.५ बाय ६६.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चौरसच. लालभडक पोशाख, मागे निळसर हिरवा रंग, पांढुरका चेहरा, लाल ओठ आणि काळ्याभोर रेषांतले ते मोठे, तिरके डोळे. पडद्यावर चित्र आलं आणि पहिला प्रश्न आला, बाई की बाप्या? दुसरा त्याहून जड, चांगल्या माणसाचा चेहरा असा भुतासारखा कशाला रंगवायचा?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार दिसतं तसं रंगवत नाहीत, वाटतं तसं रंगवतात वगैरे. “हे आपलं नाहीच” असं कुणी म्हणालं, तर १९३०च्या दशकाच्या शेवटी नाझींपासून निसटून मुंबईत आलेला चित्रकार वॉल्टर लांगहॅमर आणि त्याच्याकडे ये-जा करणारे आपले चित्रकार रझा, आरा हेही हाताशी ठेवले होते. मंडळी सभ्यपणे जांभया देत होती.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून तुमचा आवाज आला. “अगो, हा मेकअप करून बसलाय. चित्रकाराने त्यात बिघडवलंय काय?”

संध्याकाळचा प्रयोग असल्याने तुमची पेटी बरोबर होती. सोबतच्या मुलाला तुम्ही पुढे बसवलंत आणि त्याचा अर्धाच चेहरा रंगवलात. पांढरट बेस, मूळ भुवईच्या वर चढवलेली भुवई, डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर ओढलेलं काजळ, ओठाला लाल. मग ट्यूबलाइट बंद करून टेबललॅम्प जमिनीवर ठेवलात. जुन्या फूटलाइटचा उजेड खालून यायचा, सावल्या उलट्या पडायच्या, नाकडोळे सपाट व्हायचे, म्हणून सगळं दुपटीने रंगवावं लागायचं, हे तुम्ही हात चालवता चालवताच सांगितलंत. आम्हाला शेवटच्या रांगेत पाठवलंत. तिथून त्या मुलाचा रंगवलेला अर्धा चेहरा बोलत होता आणि उरलेला अर्धा जणू नव्हताच. जवळ आलो तर तोच अर्धा भीतीदायक. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्याच्या!

मी हे चित्र कितीदा पाहिलं असेल, पण ते खरं तेव्हा कळलं. शेवटच्या रांगेसाठी केलेला चेहरा यावलेन्स्कीने हातभर अंतरावरून रंगवला, आणि अंगावर येतं ते हेच. नर्तक आधीच रंगलेला आहे, चित्रकार त्या रंगावर रंग चढवतोय. त्यात सखारॉफ स्वतः आधी पॅरिसला चित्रकला शिकलेला, नाचाकडे नंतर वळलेला. मग या चेहऱ्याचा पहिला चित्रकार तोच की! मात्र एका बाबतीत तुमच्याशी भांडेन. चित्रकाराने काहीच केलं नाही असं नाही हं. लालाच्या मागे तो निळा-हिरवा लावणं आणि कडा गुळगुळीत न करता सोडून देणं, ही त्याचीच हिंमत.

मग मी ती प्रसिद्ध हकिगत सांगितली. सखारॉफ कार्यक्रमाआधी नटूनथटून यावलेन्स्कीच्या स्टुडिओत आला, चित्र अर्ध्या तासाच्या आत झालं, आणि हा आता पुन्हा त्यावर हात फिरवेल या भीतीने सखारॉफ ते ओलंच उचलून घेऊन गेला. तुम्ही म्हणालात, “शहाणा! मीसुद्धा काम झालं की नटाला लगेच उठवतो. बसून राहिला तर माझा हात थांबत नाही.” सगळी खोली हसली. माझ्या दीड तासाच्या तयारीपेक्षा त्या एका वाक्याने लोकांना यावलेन्स्की जास्त कळला असेल.

आणि बाई की बाप्या? त्याचं उत्तर आमच्यातल्या आजींनीच दिलं. सखारॉफचा जन्म १८८६चा, बालगंधर्वांचा १८८८चा. चित्रानंतर दोनच वर्षांनी, १९११ साली, ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले. “आमच्या वडिलांनी तेव्हा बाप्या म्हणून नाही पाहिलं त्यांना,” आजी म्हणाल्या, आणि विषय मिटला.

त्या दिवशी तुम्ही चहाही न घेता पेटी उचलून प्रयोगाला पळालात, धन्यवाद तोंडातच राहिले. म्हणून हे पत्र. मनापासून आभार, तुमचे आणि अर्धा चेहरा घेऊन निमूट बसलेल्या त्या मुलाचेही.

पुढच्या खेपेला जर्मन चित्रकार कीर्शनरचं, नर्तकी मेरी विगमनच्या नृत्यावरचं चित्र घेतेय, १९२६ साली ड्रेस्डेनला तिच्या तालमी बघून त्याने सुरू केलेलं. विगमन मुखवटे घालूनही नाचायची. मुखवट्यामागच्या नटाला काय रंगवायचं असतं, की काहीच नाही, हे विचारायला तुम्हीच हवेत. तारीख तुमच्या प्रयोगांच्या हिशेबाने ठरवू. टॅक्सीचे पैसे मंडळ देईल, चहा मात्र या वेळी बसून घ्यायचा.

तुमची,
मंडळातली बडबडी